ऋषीची भाजी, आपल्याच गच्चीतली

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, असा आपल्याकडे रिवाज आहे. त्या दिवशी नांगरटीखालचं धान्य बाजूला राहतं आणि परसात हाताने लावलेलं ताटात येतं: अळू, लाल माठ, भेंडी, पडवळ, दोडका, भोपळा, मक्याचं कणीस, सुरण. सगळं एकत्र शिजवायचं, फोडणी जवळपास नाहीच, मसाला तर नाहीच. भाजीला स्वतःची चव असली तरच ती जमते. गणपतीत दादरला, ठाण्याला मंडईत या भाजीचे तयार वाटे मिळतात, पण वाट्यातली भेंडी किती फवारण्या होऊन आली हे कुणाला विचारणार?

ठाण्यातल्या आमच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी गेली नऊ वर्षं भाजी लावते. नव्याने सुरुवात करणारे विचारतात, पहिलं काय लावू? माझं उत्तर ठरलेलं आहे. 'बाग करायची' असा मोठा बेत धरू नका, एक ताट धरा. ऋषिपंचमीचं ताट त्यासाठी फार चांगलं, कारण त्याला तारीख असते. १ जूनपासून मोजलं तर साधारण ८५ ते ११० दिवस हातात येतात. आधी अधिक मास येऊन गेला असेल तर जास्त. एवढ्या दिवसांत माठ दोनदा होतो, भेंडी, दोडका आणि पडवळ धरतात, अळू पसरतं. सुरणाला मात्र सात-आठ महिने लागतात, तो विकतच आणा. मक्याच्या एकदोन झाडांत कणीस नीट भरत नाही, कारण तुऱ्यातले परागकण वाऱ्याने दुसऱ्या झाडांच्या कणसांच्या केसांवर पडावे लागतात. आठ-दहा झाडं जवळजवळ लावायला जागा असेल तरच त्याच्या नादी लागा.

पावसाळ्यातली भाजी सोपी नसते, हे आधीच सांगते. पाणी घालायची दगदग वाचते, पण कीड, बुरशी आणि गोगलगाई याच दिवसांत जोरात असतात, आणि फवारलेलं सगळं पाऊस धुऊन नेतो. म्हणूनच हा हंगाम शिकायला उत्तम आहे. औषधावर भिस्त ठेवता येत नाही, त्यामुळे डोळ्यांनी आणि हातांनी कीड आवरायची सवय लागते. ती लागली की पुढची थंडीतली मेथी, पालक, टोमॅटो हाताबाहेर जात नाहीत.

मे महिना: ऊन मोजा, वजन मोजा

माती-कुंड्या आणायच्या आधी दोन दिवस नुसतं ऊन बघा. सकाळी आठपासून दर तासाला जागेवर ऊन आहे की सावली, एवढंच कागदावर लिहायचं. भेंडी, दोडका, पडवळ यांना किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. माठाचं चारात भागतं. अळू तीन तासांवरही खूश असतं.

यात गॅलरीवाल्यांची एक फसगत होते. दक्षिणेकडच्या गॅलरीत डिसेंबरात ऊन थेट घरात येतं, म्हणून लोक तिथे भरवशाने वेल लावतात. पण ठाण्या-मुंबईकडे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या गॅलरीत वरच्या स्लॅबची सावलीच पडते. म्हणून मोजणी मेच्या शेवटच्या आठवड्यातच करा, थंडीतल्या आठवणीवर जाऊ नका. ऊन कमी निघालं तर अळू आणि माठ लावा. दोन भाज्या घरच्या आणि बाकीच्या बाजारच्या, असंही ताट चालतं.

गच्ची असेल तर आधी सोसायटीची परवानगी घ्या आणि वजनाचा हिशोब करा. एक घनफूट ओली माती ४५ ते ५० किलो भरते. दहा मोठे ड्रम मधोमध मांडले तर स्लॅबवर काय भार येईल ते पाहा. कुंड्या भिंतीलगत, खाली तुळई असेल त्या रेषेत ठेवा. प्रत्येकीखाली विटा घाला, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि ओल स्लॅबला चिकटून राहणार नाही. कुंडीखाली ताटल्या मात्र पावसाळ्यात ठेवू नका. त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

भांडी कशी, यात फार पडू नका. भेंडीला फूटभर खोल पिशवी किंवा कुंडी पुरते, एकेकीत एक झाड, फार तर दोन. पडवळ-दोडक्याला वीस लिटरची रंगाची रिकामी बादली, एकेकीत एक वेल. अळूला रुंद टब. माठाला सहा-आठ इंच खोल पसरट क्रेट, आतून जुनी साडी किंवा शेडनेट लावून. बुडाला पाच-सहा भोकं हवीतच. त्यांवर नारळाच्या सोडणाचे तुकडे उपडे ठेवले की माती वाहत नाही आणि पाणी अडत नाही.

माती: इथे घाई करू नका

पैसा आणि कष्ट कुठे घालायचे असं विचाराल तर मी मातीत म्हणेन. नर्सरीतून आणलेली नुसती लाल माती कुंडीत भरली की दोन पावसांत ती विटेसारखी बसते. मुळांना हवा मिळत नाही, झाड पिवळं पडतं, आणि अशक्त झाडावर मावा ही रस शोषणारी कीड आधी येते.

पावसाळ्यासाठी माझं प्रमाण असं: दोन भाग माती, दोन भाग जुनं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा कुस्करलेला पालापाचोळा. वीस लिटरच्या बादलीला दोन मुठी निंबोळी पेंड. ती खतही होते आणि मातीतल्या, मुळांवर जगणाऱ्या हुमणीच्या अळीला, सूत्रकृमींनाही आवर घालते. कोकोपीट ओल धरतं, पण त्यात अन्न जवळपास नसतं, म्हणून खताच्या जागी ते वाढवू नका. ताजं शेण अजिबात नको. ते कुजताना तापतं आणि कोवळी मुळं जळतात. खत तयार आहे की नाही हे नाकाला कळतं: मुरलेल्या खताला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर अजून महिनाभर थांबा.

मातीवाचून अडत नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी दाखवून झालं आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार या प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटातून पालापाचोळ्यापासून माती घडवण्याची पद्धत लोकांपर्यंत नेली. तीच वाट धरून प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्याच ओल्या कचऱ्यातून हिरवीगार बाग उभी केली. पालापाचोळ्याची भर हलकी असते, म्हणून गच्चीला हाच मार्ग खरा. पहिल्या वर्षी खत विकत घ्या, पण फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायटीतला पाला जाळू देऊ नका, पोत्यांत भरून ठेवा. भोकं पाडलेल्या ड्रममध्ये एक भाग भाज्यांची देठं-सालं आणि दोन भाग सुका पाला असे थर द्यायचे, आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. दीड-दोन महिन्यांत खत होतं. शिजलेलं तेलकट अन्न त्यात नको. ड्रममध्ये करड्या, चपट्या, जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या काळ्या सोल्जर माशीच्या असतात, कचरा झपाट्याने संपवतात आणि झाडाला हात लावत नाहीत.

मिश्रण भरून, पाणी शिंपडून, आठ-दहा दिवस तसंच ठेवा. त्यात ट्रायकोडर्माची पूड मिसळली तर फार बरं, वीस लिटरला दोन चमचे. ही उपयोगी बुरशी आहे, रोपं कुजवणाऱ्या बुरशीला ती मातीतच दाबून ठेवते. कृषी विद्यापीठांच्या विक्री केंद्रांवर आणि शेती सेवा केंद्रांत मिळते. पुडीवरची मुदत बघून घ्या. मुदत टळलेल्या पुडीत जिवंत काही उरत नाही.

जूनचा पहिला आठवडा: पेरणी

चार जणांच्या घराला एका ताटासाठी भेंडीची आठ झाडं, दोडक्याचे दोन आणि पडवळाचे दोन वेल, माठाचे दोन क्रेट आणि अळूचा एक टब पुरतो.

भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा, तरंगणारं टाकून द्या, अर्धा इंच खोल पेरा. चार-पाच दिवसांत उगवते. बियाणं घेताना 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' अशी सुधारित जात मागा. या दोन्ही हळद्या रोगाला, म्हणजे पानाच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या विषाणूला, दाद न देणाऱ्या म्हणून काढल्या गेल्या. ती ताकद आता पूर्वीइतकी राहिलेली नाही, तरी साध्या बियाण्यापेक्षा बरी. शिवाय संकरित नसल्याने बी घरी धरता येतं.

पडवळाचं बी टणक असतं. टोकाला नखकात्रीने किंचित घासून, कोमट पाण्यात भिजवून, ओल्या फडक्यात बांधून ठेवा. मोड दिसला की लावा. दोडक्याला एवढं करावं लागत नाही. प्रत्येक बादलीत दोन बिया टाका, जोमदार रोप ठेवा, दुसरं मुळाशी कापा. उपटू नका, शेजारच्या रोपाची मुळं हलतात.

माठाचं बी खसखशीएवढं. मूठभर बारीक मातीत मिसळून भुरभुरा आणि वर नुसती चिमूटभर खताची चाळण टाका. खोल गेलं तर उगवणार नाही. यावर जाळी हवी, नाहीतर उगवलेले कोंब कबुतरं एका सकाळीत फस्त करतात. पहिला माठ महिन्याभरात कापून खा आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दुसरा पेरा, तो पंचमीला कोवळा मिळतो.

अळूचे कांदे नर्सरीपेक्षा कुणाच्या परसातून मागून आणा, कारण तिथे ते खाल्लेलं असतं. भाजीचं अळू हिरव्या देठाचं, वडीचं काळपट देठाचं, आणि दिसायला तसंच पण घसा खवखवणारं रानटी अळूही असतं. कांदा मेअखेरीस लावला तर दीड-दोन महिन्यांत पानं घेता येतात.

जुलै: पाऊस आणि पोट

जुलैतली झाडं पाण्यावाचून मरत नाहीत, पाण्याने मरतात. मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओल लागली तर पाणी नको, मग दोन दिवस पाऊस नसला तरी चालेल. कोंबांनी मातीलगत माना टाकल्या तर ती मर आहे. पडलेली रोपं काढा, कुंडी पत्र्याच्या आडोशाला न्या, वरची माती खुरप्याने मोकळी करा, ट्रायकोडर्माचं पाणी द्या.

सततच्या पावसात मातीतलं अन्न धुपून जातं. खालची पानं फिकट पिवळी झाली तर कीड शोधण्याआधी भूक आठवा. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक झाडाला दोन मुठी गांडूळखत द्या आणि उघडीप मिळाली की जिवामृत. अमरावतीकडचे सुभाष पाळेकर यांनी शेतकऱ्यांत रुजवलेली ही कृती एकरासाठी २०० लिटरची आहे. गच्चीला तिचा विसावा भाग पुरे: १० लिटर पाणी, अर्धा किलो देशी गाईचं ताजं शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत गोणपाटाने झाकून ठेवा, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळा. दोन दिवसांनी एका भागाला दहा भाग पाणी घालून मुळाशी द्या. आठवड्याच्या आत संपवा. शेण-गोमूत्र मिळत नसेल तर हळहळू नका, चांगल्या गांडूळखतावर माझी दोन वर्षं काहीही न अडता गेली.

मांडव आणि संध्याकाळची फुलं

वेल हातभर झाला की त्याला वर चढायला सुतळी द्या, डोक्याच्या उंचीवर जाळी ताणा. वेल जाळीला टेकेपर्यंत खालची बगलफूट खुडत जा आणि टेकला की शेंडा खुडा, म्हणजे वर फांद्या फुटतील. मादी फुलं बहुतेक त्या फांद्यांवर येतात.

मग हमखास एक तक्रार येते: 'फुलं खूप येतात, पण गळतात.' पहिले आठ-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, ती गळणारच. मादी फूल ओळखायला सोपं, फुलामागे बोटभर इवलंसं दोडकं किंवा पडवळ असतं. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण झालेलं नाही. दोडक्याचं फूल दुपार कलल्यावर, पाचच्या सुमारास उमलतं. पडवळाचं पांढरं झालरीचं फूल त्याहून उशिरा, अंधार पडता पडता. दुधीही संध्याकाळचाच. शहरात त्या वेळी फिरणारे पतंग कमी आणि पावसात तर त्याहून कमी. म्हणून संध्याकाळी दिवा-बत्ती झाली की नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि त्यातला पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. भोपळ्याचं फूल मात्र पहाटे उमलतं, त्याला सकाळी सातच्या आत गाठा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि तिसऱ्या दिवशी ते इवलं पडवळ लांबलेलं दिसतं तेव्हा जो आनंद होतो तो मला अजूनही दर वर्षी होतो.

पडवळ वळायला लागलं तर टोकाला सुतळीने छोटा दगड बांधा. आमच्या सासूबाई कुडाळकडच्या, हे त्यांनी शिकवलं.

रोजची दहा मिनिटं

आता कीड. बहुतेकजण इथे थेट 'काय फवारू?' असं विचारतात. त्याआधीचं काम रोज सकाळी चहा झाल्यावर दहा मिनिटं प्रत्येक झाडाची दोन-तीन पानं उलटून बघायचं. कीड पानाच्या मागे राहते, अंडी मागेच घालते, आणि आठवडाभर कुणी पाहिलं नाही तर वरून दिसेपर्यंत तिची दुसरी पिढी आलेली असते. दहा मावे अंगठ्याने पुसता येतात, दहा हजारांना कुठलाच अर्क पुरत नाही.

पानं उलटताना आधी मित्र ओळखायला शिका. लाल-केशरी ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची अळी लांबट, काळी, काटेरी, पाठीवर केशरी ठिपके असलेली, सुसरीच्या पिलासारखी दिसते. नवखे तिलाच आधी मारतात, आणि मावा तर तिचंच अन्न. त्याच जातकुळीतला २८ ठिपक्यांचा, मळकट, बारीक लव असलेला भुंगेरा मात्र वांगी-कारल्याची पानं खरवडून जाळी करतो, तो वेचून काढा. केसासारख्या देठावर पानाला लटकलेली पांढरी अंडी क्रायसोपा या मावा खाणाऱ्या मित्रकीटकाची असतात, ती राहू द्या. अळीच्या पाठीवर तांदळासारखे पांढरे कोष चिकटलेले दिसले तर ती अळी आधीच संपलेली आहे. त्या कोषांतून निघणाऱ्या गांधीलमाशीएवढ्या नव्हे, चिलटाएवढ्या माशा तुमचं पुढचं काम करतील. कोळ्यांची जाळी झाडू नका.

भेंडीच्या पानामागे साखरेच्या दाण्यासारखे पारदर्शक थेंब दिसले तर ती अंडी नव्हेत. झाडाचाच तो पाझर आहे, त्याने काही बिघडत नाही.

आता जे खरंच बिघडवतं ते.

मावा आणि तुडतुडे. मावा शेंड्याला आणि कोवळ्या पानांमागे गर्दी करतो, आणि मुंग्या वरखाली करत असतात. मुंग्या माव्याची साखर चाटतात, बदल्यात त्याला राखतात, ढालकिड्याला हाकलतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडा: कुंडीच्या विटा पाणी भरलेल्या थाळ्यांत ठेवा आणि ते पाणी दर दोन दिवसांनी बदला, पावसाळ्यात ताटल्या नकोत म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद. माव्यावर पाण्याचा जोराचा फवारा मारा, उरलेला बोटांनी पुसा. तुडतुडे हिरवे, तिरके चालतात, भेंडीच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून वर वळतात. त्यांच्यासाठी निंबोळी अर्क.

पांढरी माशी. झाड हलवलं की पांढरी पूड उडाल्यासारखी उडते. तिचं नुकसान रस शोषण्यात कमी आणि हळद्या पसरवण्यात जास्त. भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्याधमक झाल्या की ते झाड उपटून पिशवीत बांधून टाकून द्यायचं. हे जिवावर येतं, चांगलं कंबरेएवढं झाड असतं. पण हा विषाणू कुठल्याही अर्काने बरा होत नाही आणि उरलेली सात झाडं वाचवायची असतात. माशीसाठी पिवळ्या पुठ्ठ्यावर प्लास्टिक गुंडाळून एरंडेल चोपडा आणि झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगा. पावसाने धुपलं की पुन्हा चोपडा.

भेंडीचा शेंडा अचानक मान टाकतो आणि देठाला भोक दिसतं, तिथे आत अळी असते. भोकाच्या दोन बोटं खालून शेंडा कापा, अळीसकट साबणाच्या पाण्यात बुडवा. किडकी भेंडीही तशीच. अळी आत शिरल्यावर वरून काही फवारून तिला पोहोचत नाही.

दोडक्या-पडवळाचा मोठा शत्रू फळमाशी. कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते, फळ वाकडं होतं, डिंक येतो, मग आतून सडतं. इथे फवारणी जवळपास निरुपयोगी आहे, अटकाव हाच उपाय. फळ धरलं की दोन-तीन दिवसांत त्याला जुन्या मलमलीची लांब पिशवी घाला आणि देठाशी सैल बांधा. पावसात कागद टिकत नाही. सोबत मांडवात क्यू ल्यूरचा एक कामगंध सापळा, म्हणजे वासाने माशी ओढून घेणारा डबा, टांगा. त्यात फक्त नर अडकतात, म्हणून एकट्या सापळ्यावर विसंबू नका. टोचलेलं फळ कंपोस्टमध्ये कधीही टाकायचं नाही. अळी खाली उतरून मातीत कोष करते आणि दहा-बारा दिवसांनी नवी माशी हजर. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात आठवडाभर ठेवा, मग कचऱ्यात द्या. वेलाखालची माती अधूनमधून हलवत राहा.

तांबडे भुंगेरे कोवळ्या वेलाची पानं चाळणीसारखी करतात. सासूबाई सकाळी दव असताना पानांवर चुलीतली राख भुरभुरवत, आणि ते खरंच चालतं. फक्त लाकडाची राख हवी, चाळलेली, आणि मूठभरच. कुंडीतल्या थोड्या मातीत जास्त राख साठली की ती खारवट होते.

गोगलगाई रात्री येतात. संध्याकाळी कुंड्यांमध्ये ओलं गोणपाट पसरा, त्यावर पपईची किंवा कोबीची पानं ठेवा, सकाळी उचला. खाली जमलेल्या सापडतील. उघड्या हाताने धरू नका. मोठ्या आफ्रिकन गोगलगाईत माणसाला बाधणारे जंत असू शकतात, हातमोजा किंवा चिमटा वापरा आणि मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. मीठ मातीवर मात्र टाकायचं नाही, झाडच जातं. या दिवसांत कुठलंही पान धुतल्याशिवाय तोंडात घालू नका.

वेलाच्या पानांवर पिठासारखे पांढरे डाग म्हणजे भुरी, ती पाऊस ओसरून दमट ऊन पडू लागलं की येते. खालची रोगट पानं काढा आणि आंबट ताक एक भाग, पाणी दहा भाग, गाळून फवारा. आठवड्याने पुन्हा. वास येतो, शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

अर्क: केव्हा, किती, आणि काय नको

मी घरात एकच अर्क नेमाने करते, पाच टक्क्यांचा निंबोळीचा. जून-जुलैत कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्या पडतात. त्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत कडकडीत वाळवून ठेवल्या की वर्षभर पुरतात. ५० ग्रॅम बियांची भरड पूड फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी पिळा, गाळा, त्यात दोन ग्रॅम साध्या साबणाचा कीस किंवा दोन चमचे रिठ्याचं पाणी घाला. बिया नसतील तर घाण्याचं कडुनिंब तेल, लिटरला पाच मिलि. तेल आधी रिठ्याच्या पाण्यात घोटा, पांढरं झालं की मग बाकीचं पाणी. नाहीतर तेल तरंगतं आणि पान जळतं. भांडी घासायचा लिक्विड साबण नको.

कडुनिंबाने कीड त्याच मिनिटाला मरत नाही. तिचं खाणं सुटतं, वाढ अडते. म्हणून दुसऱ्या दिवशी किडे हलताना दिसले तर अर्क वाया गेला असं समजून दुप्पट करू नका. उन्हाने त्यातला घटक लवकर निकामी होतो, तेव्हा संध्याकाळीच फवारा, पानाच्या मागून निथळेपर्यंत, आणि पुढचे चार-पाच तास पाऊस नाही असा अंदाज घेऊन. आधी एका पानावर घालून एक दिवस वाट बघा. मधमाश्या फुलांवर असताना फवारू नका. आठवड्यातून एकदाच्या वर नको. पावसाळ्यात मला महिन्यातून दोनदाही जेमतेम उघडीप मिळते, आणि बहुतेक वर्षी तेवढं पुरलं आहे.

दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याच्या अर्काची कृती सगळीकडे फिरते. शेतात तो उपयोगी आहे, पण त्यात कण्हेर आणि रुई असतात, दोन्ही विषारी. लहान मुलं असलेल्या घरात, महिनाभर आंबत ठेवलेला तो डबा गॅलरीत ठेवावा असं मला वाटत नाही. तंबाखूचं पाणी तर कधीच नको. निकोटीन हे माणसालाही तीव्र विष आहे, त्वचेतून शिरतं, आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅकचा विषाणू लागू शकतो. वनस्पतीपासून झालेलं म्हणून निर्धोक, असं धरून चालू नका. बाटलीवर नाव-तारीख लिहा आणि ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

जास्वंदीच्या कुंडीला भाजीपासून लांब हलवा, पिठ्या ढेकणाचं, म्हणजे पांढऱ्या कापसासारख्या दिसणाऱ्या किडीचं, ते माहेर आहे.

पंचमीचा आठवडा

भेंडी दर दोन दिवसांनी काढावी लागते, एक जरी जून झाली तरी झाड नवं फूल धरायला आळस करतं. पंचमीच्या आधी चार दिवसांची भेंडी ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर ताटापुरती जमते. दोडका नखाने टोचून बघा, नख सहज रुतलं तर कोवळा. माठ आदल्या संध्याकाळी कापा. अळूची पानं बाहेरून घ्या, मधला कोंब आणि दोन पानं ठेवा, म्हणजे दसऱ्याला पुन्हा पानं मिळतील. चिरताना हाताला तेल लावा आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल विसरू नका, नाहीतर घसा धरेल.

एखाद्या वर्षी पडवळ फळमाशीने नेलं, तर विकतचं घाला.

आणि एक करा. ऑगस्टच्या सुरुवातीलाच सगळ्यात निरोगी भेंडीच्या झाडावर एका शेंगेला लाल दोरा बांधा, घरात सगळ्यांना सांगा की ही तोडायची नाही. पडवळाचंही एक फळ असंच राखा. शेंग झाडावरच तपकिरी होऊन शिवणीवर तडकू लागली, पडवळ लाल होऊन मऊ झालं की उतरवा. भेंडीच्या बिया तशाच, पडवळाच्या लाल गरातून धुऊन, आठ दिवस सावलीत वाळवा. कागदाच्या पुडीत बांधून, जात आणि वर्ष लिहून, थोड्या लाकडाच्या राखेसोबत काचेच्या बरणीत ठेवा. पुढच्या जूनला बरणी उघडायची.